सेंट थॉमसला क्रूझ नक्की कुठल्या धक्क्याला लागते? उतरायच्या आधी हे बघून घ्या

दुपारचे सव्वातीन. आई-बाबा आणि आम्ही दोघं मेगन्स बेच्या बीचवरून परत आलो, सफारी टॅक्सीतून उतरलो, ड्रायव्हरला पैसे दिले, टॅक्सी गेली पण. समोर पांढरी जहाजं ओळीने उभी. बाबा मान वर करून बघत म्हणाले, "अरे, आपल्या जहाजाचं धुराडं असं होतं का?" मी म्हटलं, बाबा, सगळी सारखीच दिसतात, चला. गेटवरच्या बाईंनी आमचं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि पश्चिमेकडच्या टेकडीकडे हात केला. आमचं जहाज त्या टेकडीपलीकडे, क्राऊन बेला. आम्ही उभे हॅवनसाइटला. ऑल अबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत यायची शेवटची वेळ, साडेचारला.

पोचलो, पण कसे ते खाली येईलच. ड्रायव्हरची त्यात काहीच चूक नव्हती. टॅक्सीतली बाकीची सगळी मंडळी दुसऱ्या जहाजाची होती, ती "क्रूझ डॉक" म्हणाली, आम्हीही "क्रूझ डॉक" म्हणालो, आणि या बेटावर क्रूझ डॉक दोन आहेत हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. सकाळी उतरताना कुठल्या धक्क्यावर उतरतोय हे बघायची गरजच वाटली नव्हती. त्यानंतर ओळखीतले दोन-तीन जण कॅरिबियनला जाताना माझ्याकडे विचारायला आले, प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

आधी नकाशा डोक्यात बसवा

सेंट थॉमस हे अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधलं बेट. गाव शार्लट अमालिया, दक्षिण किनाऱ्यावर, अर्धगोल बंदराभोवती टेकड्यांवर चढत गेलेलं, लाल छपरांचं. डॅनिश लोकांचं गाव हे, नाव त्यांच्या राणीचं, 1691 साली ठेवलेलं. त्याआधी गावाला टॅपहुस म्हणायचे, म्हणजे सरळ मराठीत गुत्ता. बंदराच्या गावाला शोभेल असंच नाव होतं, उगाच बदललं.

आता समजा तुम्ही गावाच्या वॉटरफ्रंटवर समुद्राकडे तोंड करून उभे आहात. समोर दक्षिण. डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, साधारण दीड मैलावर हॅवनसाइटचा धक्का. उजव्या हाताला, पश्चिमेला, तेवढ्याच अंतरावर क्राऊन बे. मधे समोर हॅसल आयलंड आहे, त्याने दोन्हीकडची नजर तोडलीय, त्यामुळे एका धक्क्यावरून दुसऱ्यावरची जहाजं नीट दिसत नाहीत आणि खरा घोळ इथेच होतो. दोन्ही धक्क्यांमधला रस्ता तीन मैलांच्या आतबाहेर, ऐकायला काहीच नाही, पण तो गावातूनच जातो, वॉटरफ्रंटच्या व्हेटरन्स ड्राइव्हवरून, आणि बंदरात चार-पाच जहाजं असतील त्या दिवशी दुपारी तिथे लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आधी असतं तसं होतं.

अलिबागला जाणाऱ्यांना हे पटकन कळेल. मांडव्याला गेटवेवरून कॅटामरान जाते आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो जाते. दोन्ही मांडव्यालाच पोचतात. पण येताना चुकीच्या बोटीत बसलात तर उतरता गेटवेला आणि घ्यायला आलेला मेव्हणा थांबलेला भाऊच्या धक्क्याला. इथे फरक एवढाच की मेव्हणा थांबतो, जहाज थांबत नाही.

हॅवनसाइट ओळखायचा कसा

हा जुना आणि मोठा धक्का. चालवते वेस्ट इंडियन कंपनी, सगळे तिला विको म्हणतात (हो, मलाही हळदीची क्रीमच आठवली). ही कंपनी 1912 साली डॅनिश लोकांनी काढली, पनामा कालवा 1914 ला उघडणार होता, जहाजांची ये-जा वाढेल, त्यांना कोळसा लागेल असा हिशोब. त्या काळी इथे जहाजांवर कोळसा चढवायच्या बायका, डोक्यावर टोपल्या घेऊन, फळीवरून वर चढत. कंपनी निघायच्या 20 वर्षं आधी, 1892 साली, याच बंदरात कोळसेवाल्यांनी मजुरीच्या पैशांवरून संप केला होता आणि त्याची पुढारी क्वीन कोझाया नावाची बाई होती. 1917 साली डेन्मार्कने अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला ही बेटं अमेरिकेला विकली, तरी कंपनी डॅनिश मालकीचीच राहिली, आणि 1993 साली इथल्या सरकारने ती विकत घेतली. जिथे टोपल्या चढायच्या त्या धक्क्यावर आता लोक आइस्क्रीम खात उतरतात.

हॅवनसाइटचा धक्का लांबलचक सरळ आहे, एकामागे एक तीन जहाजं लागतात. म्हणून तुमचं जहाज शेवटच्या जागी असेल तर गेटपर्यंत नुसतं चालायलाच दहा मिनिटं धरा, म्हातारी माणसं बरोबर असतील तर पंधरा. उतरल्या उतरल्या समोर हॅवनसाइट मॉल, लांब बैठ्या इमारतींच्या रांगा, दागिने, घड्याळं, दारू, औषधाचं दुकान. शेजारी यॉट हेवन ग्रँड नावाचा मरीना, ज्यांच्या बोटी बघून आपलं जहाज एकदम सरकारी वाटायला लागतं. पाठीमागे उंच टेकडी, तिच्यावर पॅराडाइज पॉइंट. बाल्कनीतून बघितलं आणि एका बाजूला डोंगर अंगावर आलेला, दुसऱ्या बाजूला बंदर आणि पलीकडे गाव दिसतंय, तर तुम्ही हॅवनसाइटला आहात.

गावात चालत जाता येतं, पाण्याच्या कडेकडेने, 25 ते 35 मिनिटं. सकाळी छान वाटतं. दुपारी बारानंतर आई-बाबांना घेऊन नको, सावली फारशी नाही.

आणि क्राऊन बे

हा पश्चिमेचा, विमानतळाच्या बाजूचा. व्हर्जिन आयलंड्स पोर्ट अथॉरिटीचा आहे, विकोचा नाही, दोन्ही चालवणारे वेगळे. हे मुद्दाम सांगतोय कारण वेळापत्रकंही दोन वेगळ्या ठिकाणी असतात. अधिकृत नाव ऑस्टिन मोन्सँटो मरीन टर्मिनल, पाटीवर तेच असतं, तोंडी मात्र सगळे क्राऊन बे म्हणतात. इथे दोन जहाजं लागतात. बाहेर पडलं की छोटं रंगीत शॉपिंग सेंटर, टॅक्सीचा तळ, आणि बास. या भागाला लोक सब बेस म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाचा पाणबुड्यांचा तळ होता इथे. टॅक्सीवाल्याने "सब बेस?" असं विचारलं तर घाबरू नका, तो बरोबर बोलतोय.

ओळखायची खूण म्हणजे समोर अगदी जवळ एक हिरवं बेट दिसतं, ते वॉटर आयलंड. 1996 साली अमेरिकन सरकारने ते इथल्या सरकारच्या ताब्यात दिलं, त्याला चौथं व्हर्जिन आयलंड म्हणतात. विमानं अगदी कमी उंचीवरून जाताना दिसतील ती दुसरी खूण.

क्राऊन बेवरून गावात चालत जाऊ नका असं मी म्हणेन. अंतर तेवढंच आहे, पण रस्ता वाहता, फूटपाथ मधेच गायब. फक्त फ्रेंचटाउनपर्यंत जायचं असेल, म्हणजे कोळ्यांची जुनी वस्ती आणि मासे खायची ठिकाणं, तर चालत ठीक आहे.

क्राऊन बेचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही. शेजारच्या क्राऊन बे मरीनावरून वॉटर आयलंडला छोटी फेरी जाते, दहाएक मिनिटांत पलीकडे. तिथला हनीमून बीच म्हणजे ज्यांना टॅक्सी, गर्दी, दागिन्यांची दुकानं काहीच नको त्यांच्यासाठी. परतीच्या फेरीची वेळ उतरतानाच विचारून घ्या, कारण ती दर दहा मिनिटांनी सुटणारी लोकल नाही.

कुठला धक्का हे आधी कसं कळणार

बुकिंगच्या कागदावर नुसतं "सेंट थॉमस" किंवा "शार्लट अमालिया" एवढंच छापलेलं असतं, धक्का नसतो. मग असं करा.

निघायच्या आठवडाभर आधी विको आणि पोर्ट अथॉरिटी दोघांच्या साइटवर क्रूझ शेड्यूल बघा. तारीख काढा, जहाजाचं नाव शोधा. कंपनीचं नाही हां, जहाजाचं. एकाच कंपनीची दोन जहाजं एकाच दिवशी दोन धक्क्यांना लागलेली असू शकतात. ज्या यादीत तुमचं जहाज सापडेल तो तुमचा धक्का. त्याच यादीत त्या दिवशी एकूण किती जहाजं आहेत तेही मोजून ठेवा, हा आकडा धक्क्याइतकाच महत्त्वाचा. एक-दोन जहाजं असतील तर बेट तुमचं, पाच असतील तर बीचवर चादर टाकायलाही रांग.

पण ती यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. वारा फिरला, एखादं जहाज उशिरा आलं, कोणाची दुरुस्ती निघाली की धक्के बदलतात. "अमुक कंपनी कायम क्राऊन बेला आणि तमुक कायम हॅवनसाइटला" असं छातीठोक सांगणारे भेटतील, त्यात थोडं तथ्य असतं पण त्यावर टूर बुक करू नका. आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो, कागदावर किंवा ॲपमध्ये, त्यात धक्क्याचं नाव असतं. तिथेच बारीक अक्षरात पोर्ट एजंटचं नाव आणि फोन नंबर असतो. बेटावर जहाजाचा माणूस म्हणजे हा एजंट. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. सगळे जण वरचा डिनरचा मेन्यू वाचतात आणि हे कोणी वाचत नाही, मीही नव्हतं वाचलं.

सकाळी उतरल्यावर दोन मिनिटं थांबून तीन फोटो काढा: जहाज, त्याचं नाव दिसेल असं, गेटवरची पाटी, आणि टॅक्सी तळ. मग फोनच्या नकाशात उभे आहात तिथेच पिन टाका. "क्रूझ पोर्ट" असं सर्च करून परत यायच्या भरवशावर राहू नका, नकाशा त्याला वाटेल तो धक्का दाखवतो. मी आता बाबांच्या खिशात चिठ्ठी पण ठेवतो, जहाजाचं नाव, धक्का, ऑल अबोर्ड. त्यांना ते शाळेच्या सहलीसारखं वाटतं पण ठेवतात.

तिसरी शक्यता, टेंडर

दोन्हीकडे जागा नसेल तर जहाज बंदराबाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर आणतात, याला टेंडरिंग म्हणतात. सेंट थॉमसला हे क्वचित होतं, पण ग्रँड केमनला कायमच होतं, तिथे मोठ्या जहाजांना धक्काच नाही. एलिफंटाची लाँच डोळ्यासमोर आणा, फक्त लाइफ जॅकेटं नवी. सकाळी टेंडरचे नंबर वाटतात, जहाजाच्या टूरवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांचा तास-दीड तास सहज जातो. आणि यात ऑल अबोर्ड महत्त्वाचं नाही, शेवटची टेंडर किती वाजता सुटते ते महत्त्वाचं. गुडघे दुखणाऱ्या माणसांना लाटेवर हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं जड जातं, खलाशी दोन्ही दंडांना धरतात, पण लाट मोठी असेल तर व्हीलचेअर सोडत नाहीत, तेव्हा ही गोष्ट बुकिंगच्या वेळीच विचारा.

घड्याळ

हा भाग दोनदा वाचा. सेंट थॉमसचं घड्याळ अटलांटिक वेळेवर चालतं, वर्षभर तेच, उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे करत नाहीत. म्हणजे साधारण मार्च ते नोव्हेंबर फ्लोरिडा आणि सेंट थॉमस यांची वेळ एकच, आणि हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या क्रूझच्या सीझनमध्ये, बेट फ्लोरिडाच्या एक तास पुढे. भारत बेटाच्या साडेनऊ तास पुढे, हे घरी फोन करायला.

आता काही जहाजं बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात आणि काही मायामीचीच वेळ आठवडाभर धरून बसतात. तुमचा फोन मात्र किनाऱ्यावर येताच आपोआप बेटाची वेळ घेतो. जहाज मायामीच्या वेळेवर असेल आणि फोन बेटाच्या, तर तुम्ही फार तर तासभर लवकर याल, गेटपाशी नारळपाणी प्याल. पण उलट झालं, जहाजाने घड्याळ पुढे केलं आणि तुमच्या मनगटावरचं जुनं घड्याळ मायामीतच राहिलं, तर तुम्ही साडेतीन समजून दुकानात रेंगाळताय आणि तिकडे ऑल अबोर्ड होऊन गेलेलं. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ घ्या, उतरताना जहाजाच्या लिफ्टबाहेरच्या घड्याळाशी जुळवा, आणि दिवसभर फक्त तेच बघा.

ऑल अबोर्ड जहाज सुटायच्या साधारण अर्धा तास आधी असतं, काही जहाजांचं तासभर आधी. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही बाहेरून ठरवलेल्या टॅक्सीला झाला तर नाही. माझा हिशोब असा की ऑल अबोर्डच्या दोन तास आधी बीच सोडायचा. बायको म्हणते हे अति आहे. बायको त्या दिवशी हॅवनसाइटच्या गेटवर होती तरीही म्हणते.

टॅक्सी

मीटर नाही. दर सरकारने ठरवलेले असतात, कुठून कुठे, आणि माणशी. हे "माणशी" नीट ऐका, आपण चौघं म्हणजे चारपट. दरपत्रक टॅक्सी तळावर असतं, ड्रायव्हरकडेही असतं, बसायच्या आधी विचारायचं, उतरताना घासाघीस करायची पद्धत नाही. वाहन म्हणजे बहुतेक वेळा सफारी, ट्रकच्या मागे बाकं बसवून वर छप्पर, बाजू उघड्या, एका वेळी वीस-पंचवीस माणसं. गाडी भरेपर्यंत निघत नाही. आपल्याला वडापची सवय आहे, त्यामुळे काही विशेष वाटलं नाही, आई तर म्हणाली हवा छान लागते.

आणखी एक सफारी असते, दिसायला तशीच, पण ती स्थानिक लोकांची, ठरलेल्या रस्त्यावरून बससारखी जाते आणि एक-दोन डॉलरात नेते. धक्क्याच्या आत येत नाही, मोठ्या रस्त्यावर हात दाखवायचा. एकटे-दुकटे असाल आणि वेळ भरपूर असेल तर जरूर बसा. परतीला नको.

उबरच्या भरवशावर राहू नका. आणि कोणालाही काही विचारायच्या आधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये, इथे ते खरंच लागतं. दुकानात शिरून थेट "हाऊ मच?" विचारलंत तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघून शांतपणे "गुड मॉर्निंग" म्हणतो आणि तुम्ही परत म्हणेपर्यंत किंमत सांगत नाही. बाबांनी पहिल्याच दुकानात हा धडा घेतला, नंतर सगळ्या गावाला गुड आफ्टरनून करत फिरले.

बसताना ड्रायव्हरला परतीचं आत्ताच सांगा आणि शब्द असे वापरा: "आमचं जहाज अमुक, क्राऊन बे." "क्रूझ डॉक" हे दोन शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. मेगन्स बेसारख्या ठिकाणी परतीच्या टॅक्सी मिसळ असतात, दोन्ही धक्क्यांचे लोक एकाच गाडीत, आणि गाडी आधी एका धक्क्याला जाऊन मग दुसऱ्याला जाते. गाडी थांबली, सगळे उतरले म्हणून आपण उतरायचं नाही.

रस्ता ओलांडताना जपा. इथे गाड्या डाव्या बाजूने चालतात, आपल्यासारख्याच, पण स्टिअरिंगही डावीकडेच, अमेरिकन गाड्या असल्यामुळे. भारतातून थेट आलेल्या आई-बाबांना काही अडचण नाही, ते बरोबर उजवीकडे आधी बघतात. न्यू जर्सीत पंधरा वर्षं काढलेला मीच दोनदा चुकलो.

पासपोर्ट, व्हिसा, आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक इशारा

हे अमेरिकेचंच बेट आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. आई-बाबांचा बी वन बी टू, म्हणजे पर्यटक व्हिसा, मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा, कारण जहाज मधे सेंट मार्टिन किंवा बहामाजला गेलं की तुम्ही अमेरिकेबाहेर पडलात आणि परत येणं ही नवी एंट्री. परदेशी बेटावरून जहाज सेंट थॉमसला आलं तर बऱ्याचदा अमेरिकन पासपोर्ट नसलेल्यांना सकाळी लवकर एका लाउंजमध्ये बोलावतात, अधिकारी पासपोर्ट बघतात, त्यानंतरच उतरायचं. त्या सकाळी आठची खासगी टूर ठरवू नका.

आणि एच वन बीवाल्यांनो, पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलेलं असेल तर सांभाळा. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सवलत सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती कॅरिबियन बेटांना फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांसाठी आहे, एच वनसाठी नाही. त्यात अटी आणखी आहेत, वकिलाला विचारा. पण "क्रूझच तर आहे, कोण बघतंय" असं म्हणून बुकिंग करू नका.

गेटमधून परत आत यायला जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, दोन्ही बरोबर ठेवा.

दिवसात काय बसतं

हॅवनसाइटला असाल तर सकाळी चालत गावात जा, फोर्ट ख्रिश्चन बघा, सतराव्या शतकातला लाल किल्ला, अगदी वॉटरफ्रंटवर. समोर एमॅन्सिपेशन गार्डन, 3 जुलै 1848 ला या बेटांवर गुलामगिरी संपली त्याची आठवण. वर टेकडीवर 1833 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, आत जमिनीवर वाळू पसरलेली, नक्की बघा. तिथून जवळच "नव्व्याण्णव पायऱ्या" नावाचा जिना, ज्याच्या पायऱ्या मोजल्या तर 103 भरतात, आईने मोजल्या. चित्रकार कामी पिसारो याच गावात 1830 साली जन्मला. मेन स्ट्रीटवरच्या दागिन्यांच्या दुकानांत हिंदी सर्रास चालतं, सिंधी व्यापारी कैक वर्षांपासून इथे आहेत, तेव्हा दुकानात मराठीतून "फार महाग सांगतोय" म्हणतानाही आवाज बेतानेच.

भूक लागली तर पाटे घ्या, उच्चार असाच, तळलेली मोठी करंजी समजा, आत खारा मासा किंवा बीफ नाहीतर भाजी. शाकाहारी असाल तर तेल कुठलं ते विचारा, सगळं एकाच कढईत तळतात.

क्राऊन बेला असाल तर वॉटर आयलंड, नाहीतर सरळ टॅक्सीने मेगन्स बे. तो बेटाच्या उत्तर बाजूला, डोंगर ओलांडून, दोन्ही धक्क्यांपासून वीस-पंचवीस मिनिटं, आत जायला तिकीट. सेंट जॉन बेटावर जायचं असेल तर रेड हूकवरून फेरी वीसेक मिनिटांत जाते, पण रेड हूक पूर्वेच्या टोकाला आहे. क्राऊन बेवरून तिथे पोचायचं म्हणजे आख्खं बेट आडवं ओलांडायचं, गावातल्या ट्रॅफिकसकट. हॅवनसाइटला असाल आणि जहाज संध्याकाळी उशिरा सुटणार असेल तरच हा घाट घाला.

असाच घोळ होणारी बाकीची बंदरं

सेंट लुशियाला कॅस्ट्रीजमध्ये पॉइंट सेराफीन आणि ला प्लास कॅरेनाज, बंदराच्या समोरासमोरच्या बाजूंना. सान हुआनला जुन्या गावाला लागून असलेले पिअर, जिथून उतरलं की थेट दगडी गल्ल्या, आणि वेगळा पॅन अमेरिकन पिअर, जिथून जुनं गाव पाण्यापलीकडे दिसतं पण टॅक्सी लागते. कोझुमेलला तीन आहेत, पुंता लांगोस्ता गावातच, बाकीचे दोन, इंटरनॅशनल आणि पुएर्ता माया, गावाच्या दक्षिणेला. क्युरासावला छोटी जहाजं तरंगत्या क्वीन एमा पुलाच्या आत जातात आणि मोठी बाहेर मेगा पिअरला थांबतात. फिलिप्सबर्गला मात्र काळजी नाही, सगळी एकाच ठिकाणी, आणि गावात जायला वॉटर टॅक्सी.

चुकलातच तर

आम्ही काय केलं ते सांगतो. गेटवरच्या बाईंनी स्वतः एका टॅक्सीवाल्याला हाक मारली. तो गाडी भरायची वाट बघत होता, त्याला आधी गुड आफ्टरनून केलं, मग म्हटलं क्राऊन बे, साडेचार. तो हसला. म्हणाला वॉटरफ्रंट पूर्ण जाम आहे, बसा. भरल्याशिवाय निघायला तयार झाला त्याचे पैसे जास्त पडले, दिले. गावामागच्या चढावरच्या रस्त्याने नेलं त्याने, वळणं अशी की आईने पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले. त्याच वेळी मी पोर्ट एजंटचा नंबर शोधत होतो जो माझ्याकडे नव्हता.

तुमच्याकडे असेल. वेळेत पोचणार नाही असं दिसलं की आधी त्याला फोन करा, धावत सुटू नका. जहाजाला गेटच्या स्कॅनवरून कोण आलं नाही ते कळतं, केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून ते बऱ्याचदा एजंटकडे ठेवून जातात. पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चाने जाऊन जहाज गाठता येतं, पण पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर आपल्या पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो का हा प्रश्न येतो, म्हणून पासपोर्ट-व्हिसाच्या पानांचे फोटो फोनमध्ये आणि एक कागदी प्रत पाकिटात हवीच.

चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही क्राऊन बेच्या गेटवर होतो. बाबांनी जहाजाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे बघ, हे धुराडं."